कॅमेऱ्यापुढची रिकामी खुर्ची

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा आमच्या सोसायटीत चार उमेदवार येऊन गेले. पाणी, पार्किंग, सिडकोच्या इमारतींचा पुनर्विकास, डासांची फवारणी, नेहमीचं सगळं बोलून झालं. मी चौघांनाही एकच विचारलं, आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का? दोघं हसले. तिसरे म्हणाले, "ताई, तो विषय गृहखात्याचा. आम्ही आपलं गटार-पाणी." चौथ्यांनी सोबतच्या पोराला माझं नाव आणि फ्लॅट नंबर लिहून घ्यायला सांगितलं. कशासाठी, ते विचारायचं राहून गेलं.

प्रश्न उगाच विचारला नव्हता. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात एक आदेश दिला. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि ते नुसते मुख्य दारावर टांगून भागणार नाही. कोठडी, कोठडीबाहेरची जागा, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराची खोली, मागचं आवार, सगळं टिपलं गेलं पाहिजे. अंधारात दिसलं पाहिजे आणि आवाजही ऐकू आला पाहिजे. चित्रण दीड वर्ष जपायचं, जमतच नसेल तर निदान एक वर्ष. दारात ठळक पाटी लावायची, तीही स्थानिक भाषेत, की इथे कॅमेरे आहेत आणि अन्याय झालेल्याला चित्रण राखून ठेवायला सांगण्याचा हक्क आहे. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला जिल्ह्याची एक समिती. त्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्यातल्या एखाद्या शहराचा महापौर. मार खाल्लेला माणूस तक्रार करायला आला नाही तरी समितीने स्वतःहून चित्रण बघावं आणि न नोंदवलेला अत्याचार शोधावा, असं त्या आदेशात स्वच्छ लिहिलं आहे.

म्हणजे "तो विषय आमचा नाही" म्हणणाऱ्या त्या उमेदवाराच्याच पक्षाचा महापौर उद्या या खुर्चीवर बसू शकतो. आता यातली आपल्याकडची गंमत बघा. ठाणे जिल्ह्यात महापालिका सहा. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी आणि मीरा-भाईंदर. "एखादा" महापौर म्हणजे यातला कुठला? नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्येच संपली होती, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. त्या वर्षाच्या अखेरीपासून या निवडणुकांपर्यंत सहाही ठिकाणी प्रशासक होते, जिल्ह्यात महापौर नावाला नव्हता. पोलीस अधीक्षक म्हणाल तर ते जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे. शहरांत पोलीस आयुक्त. आदेश लिहिताना न्यायमूर्तींच्या डोळ्यांपुढे साधासुधा एका नगरपालिकेचा जिल्हा असावा. आमचा जिल्हा त्या साच्यात बसत नाही. त्याला साच्यात बसवायचं काम राज्य सरकारचं होतं, आणि सरकारला ते करायला लावायचं काम आपलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडीमृत्यूंच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, पाच वर्षांनी. यावरून काय ते समजावं.

मला हा विषय आदेश वाचून सुचलेला नाही. आमच्या मजल्यावर तीन घरी काम करणाऱ्या एक मावशी आहेत. दोनेक वर्षांपूर्वी त्यातल्या एका घरातून सोन्याची चेन गेली. घरमालकांनी संशय सांगितला आणि मावशींना फोन आला, "चौकशीला या." नोटीस नाही, कागद नाही, नुसता फोन. सकाळी अकराला गेलेली बाई संध्याकाळी सातपर्यंत परतली नाही, म्हणून तिची मुलगी माझ्याकडे आली. मी आणि खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर, असे दोघं गेलो. कुठलं पोलीस ठाणं ते सांगत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडतं असा समज मला करून द्यायचा नाही.

मावशी जिन्याखालच्या लाकडी बाकावर बसल्या होत्या. पायाशी पिशवी, पिशवीत न उघडलेला डबा. मारलं नव्हतं. दर तासाला कुणीतरी येऊन "बोल, कुठं ठेवलीस" म्हणून जात होतं, एवढंच. अंमलदारांच्या टेबलामागे भिंतीवर एक पडदा होता, त्याचे नऊ चौकोन. पाचांत चित्र दिसत होतं, चार काळे. जिन्याखालचा चौकोन काळ्यांतला होता. मास्तरांनी विचारलं तर उत्तर आलं, "मेंटेनन्सला सांगितलंय." मग मी विचारलं, या बाई सकाळी अकरापासून इथे आहेत, त्याची स्टेशन डायरीत नोंद दाखवता का? आवाज न चढवता विचारलं. खरं सांगायचं तर माझे हात कापत होते. अंमलदार माझ्याकडे बघतच राहिले. आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "घेऊन जा त्यांना. लागलं तर बोलावू." नोंद काही दाखवली नाही.

चेनचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मावशींनी ते घर सोडलं. तक्रार करू या म्हटलं तर म्हणाल्या, "नको ताई, मला परत तिथं नेऊ नका. बाकीची दोन घरं बी सुटतील."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस घोळवते आहे. पोलिसांना जाब विचारण्याची आपली सगळी यंत्रणा, कायद्यातली असो की न्यायालयाने सांगितलेली, एका गृहीतकावर उभी आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस उठेल, कागद लिहील, तारखांना जाईल आणि शेवटपर्यंत टिकेल. प्रत्यक्षात तोच सर्वांत आधी थकतो. त्याचं पोट त्याच हद्दीत असतं, घर तिथेच असतं आणि उद्या रस्त्यात पुन्हा गाठ पडणार असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की हा जाब कुण्या एकाने आपलं रडगाणं घेऊन मागायची गोष्ट राहता कामा नये. वस्तीने तो दर महिन्याला, कुणावर काही घडलेलं नसतानाही मागायचा असतो.

मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन जणांकडे असायच्या. एकाने उघडायची म्हटली तरी उघडायची नाही. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, मग पाच रुपयांचा फरक का असेना. त्या सगळ्या वर्षांत "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणून दुसऱ्या किल्लीवर रुसलेला मॅनेजर मी पाहिला नाही. उलट फरक निघाला की तीच दुसरी किल्ली त्याला वाचवायची. माणसाला उचलून कोठडीत घालण्याचा अधिकार पाच रुपयांपेक्षा मोठा आहे, आणि तिथे मात्र दुसरी किल्ली मागितली की पोलिसांचं मनोबल खचेल म्हणतात.

दुसरी किल्ली म्हणजे काय, ते नवी मुंबईला चांगलं ठाऊक असायला हवं. ११ नोव्हेंबर २००६ ला वाशीतून दोघांना उचललं गेलं. त्यातला एक, लखनभैया म्हणून ओळखला जाणारा, त्याच संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमकीत' मारला गेला. त्याचा भाऊ वकील होता. भाऊ उचलला गेल्याचं कळताच, गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधीच, त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. तारेवर वेळ छापलेली असायची. चकमक आपोआप घडली या गोष्टीला त्या वेळेने तडा दिला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी धरलं, त्यांतले १३ पोलीस. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांची शिक्षा कायम केली आणि आधी निर्दोष सुटलेल्या एका नामांकित माजी अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. पण मधला एक दिवस विसरू नये. वाशीतून उचललेला दुसरा माणूस या खटल्याचा महत्त्वाचा साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्षीला दोन-चार दिवस उरले असताना, तो वाशीतून नाहीसा झाला. मनोरजवळ त्याचा जळालेला मृतदेह मिळाला. घरात वकील होता, योग्य वेळी कागद केला होता, तरीही उच्च न्यायालयाच्या निकालाला सतरा वर्षं लागली आणि एक माणूस गेला. मावशींच्या घरात वकील नाही.

आणि खाकी अंगावर असली म्हणजे सुटका होते असंही नाही. कळंबोलीला राहणाऱ्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. अपहरणाचा गुन्हा नोंदवायला जानेवारी २०१७ उजाडला. ज्याच्यावर संशय होता तो पोलीस निरीक्षक. त्याला अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात, त्याच जानेवारीत, त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने त्याला खुनासाठी जन्मठेप दिली. नवऱ्याने, भावाने, वडिलांनी किती उंबरे झिजवले ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पोलीस खात्यातल्या बाईच्या माणसांना साधा गुन्हा नोंदवून घ्यायला नऊ महिने लागत असतील, तर खात्याने स्वतःच स्वतःची चौकशी करण्याला काय अर्थ उरतो? मनोबलाची काळजी वाहणाऱ्यांनी बिद्रेंच्या बरोबर काम केलेल्या महिला पोलिसांच्या मनोबलाविषयीही एकदा बोलावं.

खात्याबाहेरची व्यवस्था कागदावर आहे. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. त्यातल्या सात निर्देशांपैकी एक असा होता की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक स्वतंत्र प्राधिकरण असावं. महाराष्ट्राने आठ वर्षं घेतली. २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणलं, त्यावर निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश नेमायचे ठरलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, रीत सोडून केलेली अटक, लाच, खंडणी, घर-जमीन बळकावणं, हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. इथवर ठीक. पण 'जिल्हा' हा शब्द वाटेत गळाला आणि त्या जागी 'विभाग' आला. कोकण विभाग म्हणजे डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत. मुरबाडच्या कातकऱ्याने किंवा दोडामार्गच्या शेतकऱ्याने एक मजुरी बुडवून किती वेळा एवढ्या लांब यायचं? बरं, आला, सुनावणी झाली, प्राधिकरणाला त्याचं म्हणणं पटलं. पुढे? शिफारस सरकारकडे. कारवाई करायची ती सरकारने.

त्याच दुरुस्तीत अधिकाऱ्यांना दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ दिला आहे, आणि लगेच अपवादाची पळवाटही ठेवली आहे. तिच्यातून मुदतीआधी बदली करता येते. त्याच निकालात सांगितलेल्या राज्य सुरक्षा आयोगाच्या अध्यक्षपदी कोण, तर गृहमंत्रीच. पोलिसांना मंत्र्यांच्या हस्तक्षेपापासून दूर ठेवायचा हा सगळा खटाटोप होता, हे आठवलं की हसावं की रडावं कळत नाही.

आता बदलापूर. हे लिहिणं सगळ्यांत अवघड आहे, कारण इथे माझ्याच ओळखीतली माणसं माझ्या विरुद्ध बाजूला आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. पालक पोलिसांकडे गेले, त्यांना तासन्‌तास बसवून ठेवलं आणि गुन्हा नोंदवायला मध्यरात्र झाली. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल ठप्प. तो राग पोलिसांवरचा होता, आणि रास्त होता. साधारण महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, आरोपीला तळोजा तुरुंगातून घेऊन निघालेली गाडी मुंब्रा बायपासजवळ आली आणि गाडीतच तो पोलिसाच्या गोळीने मेला. तेव्हा पेढे वाटले गेले, फटाके वाजले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं, स्वसंरक्षणाच्या कहाणीवर संशय घेतला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करायला सांगितलं. ते पथक कुणी नेमायचं यात सर्वोच्च न्यायालयाने मेमध्ये बदल केला.

मला आरोपीविषयी कणव वाटते म्हणून हे सांगत नाही. त्याचा खटला व्हायला हवा होता, त्या मुलींसाठी. शाळेत कुणाकुणाला काय माहीत होतं, तक्रार कुणी दाबली, हे त्या खटल्यात त्याच्या तोंडून आलं असतं किंवा त्याच्यासमोर उलगडलं असतं. गोळीने ते दार बंद केलं. ज्या व्यवस्थेने पालकांना मध्यरात्रीपर्यंत बसवलं, तिलाच आपण महिन्याभरात खांद्यावर घेतलं. गुन्हा नोंदवायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर आणि माणसाला मारायचं की जगवायचं हेही त्यांच्या मर्जीवर. मर्जी तीच, पहिल्यांदा आपल्याला तिचा राग आला, दुसऱ्यांदा ती गोड लागली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये आरोपीच्या आई-वडिलांनी न्यायालयाला सांगितलं की आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही, झेपत नाही. न्यायालयाने तरी ते सोडलं नाही. मला मावशींचं वाक्य आठवलं. कुणाच्या बाजूचे असा, थकायची पाळी सारखीच येते.

मनोबलाविषयी आणखी थोडं. ठाण्यात किंवा पनवेलला नाक्यावर गणपतीच्या बंदोबस्तात उभ्या असलेल्या हवालदाराशी बोला. बारा-बारा तासांची ड्यूटी, रद्द झालेली साप्ताहिक सुट्टी, गळक्या छताचं क्वार्टर आणि वरून तोंडी हुकूम. तोंडी हुकूम हा त्याचा खरा शत्रू आहे. 'बसवून ठेव त्याला' असं कुणी म्हटलं याची नोंद नसते. ज्याने बसवून ठेवलं त्याचं नाव मात्र अंमलदाराच्या रजिस्टरात असतं. लखनभैया प्रकरणात हाताखालचे पोलीस अकरा वर्षं आधी शिक्षा भोगायला गेले, मोठं नाव नंतर आलं. कॅमेरा चालू असेल, डायरीत वेळ लिहिलेली असेल, तर हवालदाराला वरच्याला सांगता येतं, साहेब, रेकॉर्ड होतंय. जाब मागणाऱ्या चळवळीने आठ तासांची पाळी आणि बरी घरं हीसुद्धा आपली मागणी मानावी असं मला वाटतं. यावर आमच्या पाच-सहा जणांत अजून भांडण आहे. मास्तर म्हणतात, त्यांच्या युनियनचं काम आपण का करायचं. पोलिसांना युनियन करायला कायद्यानं बंदी आहे हे त्यांना सांगितल्यावर ते थोडे नरमले.

कुणी म्हणेल, शांतता समित्या आहेत की. आहेत, आणि त्यांचा इतिहास आपल्याच जिल्ह्यातला आहे, तो मानाचा आहे. १९७० आणि १९८४ मध्ये पेटलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये शांत राहिली, त्यात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांचा मोठा वाटा होता. पण त्यामागे एक कल्पक अधिकारी होता आणि अधिकारी बदलून जातात. आज आमच्याकडची समिती म्हणजे गणेशोत्सवाच्या आधी चहा-बिस्किटं, मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक आणि आवाजाच्या मर्यादेचं पत्रक. कुणाला बोलवायचं हे पोलीसच ठरवतात. मावशींसारखं कुणी त्या खुर्च्यांवर मी कधी पाहिलं नाही. पोलिसांना मदत करणारी समिती वेगळी आणि त्यांना विचारणारी वेगळी; पहिलीला दुसरीचं नाव देऊन चालत नाही.

गल्लीतल्या कामाने देशाचा कायदा थोडाच बदलतो, असा टोमणा मी ऐकला आहे. बदललेला आहे, आणि महाराष्ट्रातल्या एका पोलीस ठाण्यावरून. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. मुलीने आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, असं कारण दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र हातोहाती गेलं, मुंबईत आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर आल्या, गट उभे राहिले. १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक गुन्हा झाला आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं तर न्यायालयाने ते मानून चालायचं ठरलं. निकालापासून कायद्यापर्यंत पाच वर्षं. त्याच्याशी तुलना करायला दुसरं उदाहरण घ्या. कोठडीतल्या छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून संपलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने नवा मसुदा दिला, तोही पडून आहे. छळाविरुद्धच्या कायद्यासाठी कुणी रुळांवर उतरलं नाही, हा फरक मला तरी महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा आम्ही काय करतो ते सांगते; फार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं असतं. त्यासाठी एक अधिकारी नेमलेला असायला हवा. महिन्यातून एकदा आमच्यातले दोघं जातात, नमस्कार करतात, तो फलक कुठे आहे विचारतात, कॅमेऱ्याची पाटी मराठीत आहे का ते बघतात आणि वहीत तारीख घालून लिहितात. पहिल्या महिन्यात "तुम्ही कोण?" असं विचारलं गेलं. चौथ्या महिन्यात चहा विचारला. फलक सहाव्या महिन्यात लागला, त्यावर अजून एकच नाव आहे आणि ते बदललेलं नाही. वहीची एक प्रत आम्ही आमच्या नव्या नगरसेविकाबाईंना देतो. प्राधिकरण जिल्ह्याला असावं आणि त्याचा निर्णय सरकारवर बंधनकारक असावा, याचा मसुदा आमदारांकडे दिला आहे. पोच घेतली आहे.

गेल्या महिन्यात माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नियमाप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कॅमेऱ्यांच्या जिल्हा समितीच्या आजवर किती बैठका झाल्या, इतिवृत्तं द्या, आणि समितीतले महापौर कोणत्या शहराचे ते सांगा. एका सरकारी कार्यालयाच्या आवक खिडकीवर मी आणि मास्तर उभे होतो. खिडकीतल्या तरुण मुलीने अर्ज नीट वाचला, उलटा करून मागचं पान बघितलं आणि विचारलं, "ही समिती कुठल्या शाखेत येते हो?" थट्टा नव्हती, तिला खरंच माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. तिने शेजारच्या टेबलाला विचारलं, त्यांनी त्यापुढच्या टेबलाला. शेवटी तिने कोपऱ्यात पेन्सिलीने 'गृह?' असं लिहिलं, प्रश्नचिन्हासकट, आणि शिक्का मारून क्रमांक दिला.